ओवाळणीच्या गोळ्या

२० ऑक्टोबर १९६४, वारासिवनी

राइस मिलच्या शेटजींनी नववर्षाला दिलेली ही डायरी आजवर इंजिनाच्या तेलपाण्याच्या नोंदींसाठी वापरली. आज पहिल्यांदाच तिच्यात माणसाचं काही लिहितो आहे. जीव नुसता चडफडतो आहे आणि घरात ऐकायला दुसरं कोणी नाही.

अनुसया महिनाभर तापाने झिजते आहे आणि मला, तिच्या सख्ख्या भावाला, हे कळतं कुठून, तर मिलमध्ये धान घेऊन आलेल्या एका खैरलांजीकराकडून! "मिस्त्री, तुमची बहीण लय वाळली ना जी," असं तो पोती उतरवता उतरवता बोलून गेला. मी सायकल काढली आणि थेट तिचं सासर गाठलं. ओसरीवर बसली होती. गालफडं बसलेली, डोळे तेवढे मोठे. मला पाहून हसली. "दादा, भर हंगामात मिल सोडून आला? शेटजी तुले हाकलून देईन."

तिचा नवरा, आमचे जवाई टिकाराम, नेहमीसारखे घुम्यासारखे खांबाला टेकून उभे. "मले काहून नाई सांगतलं?" मी विचारलं. "मलेरिया असन म्हटलं. कुनैन देऊन राह्यलो," एवढंच. त्यांची आई रुख्माबाई, म्हणजे आमच्या इहीनबाई, आतून म्हणाल्या, "घरच्या सुनेचं दुखणं माहेरी कायले सांगत फिराचं?"

मग माझं डोकं फिरलं. बोलू नये ते बोललो. आई गेली तेव्हा अनूला नीट बोलताही येत नव्हतं, माझ्या खांद्यावर ही पोर मोठी झाली आहे. तिला बालाघाटला न्यायचं कबूल करून घेतलं, तेव्हाच त्यांच्या दारातून हललो.

२२ ऑक्टोबर, बालाघाट

डॉक्टर राहांगडाले यांचा दवाखाना पाच-सहा खाटांचा आहे. माणूस तुसडा. जवायांनी मलेरियाचं नाव काढताच म्हणाला, "मलेरिया की काय थे मले पाहू द्या." पण पाहिलं मात्र निवांत. तिची नखं उजेडाकडे धरून बघितली, त्यांत काळ्या बारीक रेघा दिसल्या. डाव्या बरगडीखाली चाचपलं. छातीला नळी लावून बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. मग मला विचारलं, लहानपणी हिचे सांधे सुजायचे काय? हौ म्हटलं. गुडघे धरून रात्र रात्र रडायची. अलीकडे दात काढला काय? पोळ्यानंतर वारासिवनीच्या बाजारात काढला होता, जवाईच घेऊन गेले होते.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. सांधेदुखीनं लहानपणीच तिच्या हृदयाची एक झडप खराब केली होती. दाताच्या जखमेतून जंतू रक्तात शिरले आणि त्या झडपेवर जाऊन बसले. "औषध नाई केलं त वाचत नाई," म्हणाले, तिच्यासमोर नाही, बाहेर आणून. "केलं त वाचू शकते. पण कित्येक हप्ते पेनिसिलिनच्या सुया लागन, दर चार तासाले. एकही चुकवाची नाई. आन माह्या औषधाशिवाय तोंडात काई जाचं नाई." रक्त काढून नागपूरच्या मेडिकलला तपासायला पाठवलं.

जवायांकडे पाहिलं. माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या दाताची त्यांना आठवण करून द्यायला मी विसरलो नाही.

२५ ऑक्टोबर

शेटजींनी दुपारनंतर सुटी द्यायचं मान्य केलं. वारासिवनीहून छोट्या गाडीने बालाघाट, संध्याकाळच्या गाडीने परत. अनूजवळ दुपारी मी बसतो, तेवढ्यात इहीनबाई जेवून येतात.

आज डॉक्टरांना गाठून विचारलं की हे पेनिसिलिन करतं तरी काय. मी राइस मिलचा मिस्त्री आहे हे कळल्यावर जरा मोकळे झाले. म्हणाले, "धानावर तूस असते ना? तसंच जंतूच्या अंगावर एक कडक तूस असते, त्याची भिंत. तिच्या आत पातळ पापुद्रा, आन त्याच्या आत तो. आतून दाब असा असते, का भिंत नसली त तो फुगून फुटून जाईन." जंतू वाढतो, एकाचे दोन होतात, तेव्हा त्याला नवी भिंत बांधावी लागते. पेनिसिलिन ती बांधू देत नाही. जंतू वाढायला जातो आणि फुटून मरतो. आपल्या शरीरातल्या पेशींना पापुद्रा असतो, पण भिंत नसतेच, म्हणून पेनिसिलिन आपल्याला मारत नाही.

फार हुशारीचं काम आहे, हे मी कबूल करतो. मी म्हटलं, मग इतक्या सुया कशाला? एकदाच भरपूर द्या. त्यावर म्हणाले, "जो जंतू वाढून राह्यला तोच मरते. जो निजून राह्यला, त्याले नवी भिंत पायजेच नाई, त्याचं पेनिसिलिन काई बिघडवत नाई. तो जागा होईपर्यंत थांबा लागते." आणि त्या झडपेवरच्या गाठीत रक्तातले शिपाई पोचत नाहीत. दुसरीकडे जंतू नुसता लुळा पडला तरी शरीर त्याला संपवतं. इथे त्याला औषधानेच ठार मारावं लागतं.

घरी येताना गाडीत सगळं पुन्हा मनात घोळवलं. एकाच औषधावर सगळा भार, हे मला पटत नाही. माझ्या इंजिनखोलीत प्रत्येक पट्ट्याला जोड म्हणून दुसरा पट्टा टांगलेला असतो. बाबांच्या वेळी आम्ही एकाच वैद्याच्या तोंडाकडे बघत बसलो आणि बाबा गेले.

३० ऑक्टोबर

ताप उतरला! काल अर्धवट, आज पुरा. मैनाबाई नर्सने दोनदा पारा झटकून पुन्हा लावला. अनूने भाताची पेज वाटीभर घेतली आणि वर लोणच्याचा खार मागितला. दंडावर आणि कमरेवर सुयांनी गाठी आल्या आहेत. "दादा, मी आता चाळणी झाली. मैदा चाळून घे," म्हणते.

इहीनबाईंनी आज बैहरकडच्या कोणा वैदूचा काढा आणला होता, लोट्यात लपवून. मी तो लोटा हिसकून मोरीत ओतला. "डॉक्टरनं बाहेरचं बंद सांगतलं, समजते काय? पोरीले मारता काय?" माझा आवाज इतका चढला की मैनाबाई धावत आली. म्हातारी पदर तोंडाशी धरून रडली. अडाणी माणसांच्या हातात जीव द्यायचा म्हणजे असं डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं.

३ नोव्हेंबर

अनू आज उशीला टेकून बसली. सरिताला आणा म्हणून जवायांच्या मागे लागली आहे. तिची मुलगी, तिसरं सरतंय तिला. "पोरगी मले विसरली असन. माह्यं मन लागून नाई राह्यलं." डॉक्टर म्हणाले, भाऊबीजेला थोडा वेळ आणा.

डॉक्टर तुसडा खरा, पण आज जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

सगळं ठीक चाललं आहे आणि तरी मला आज वाईट वाटतं आहे. का ते लिहितो, इथे कोण वाचणार आहे. सुयांचे पैसे जवायांचे, दवाखान्याचा खर्च जवायांचा, डबा इहीनबाईंचा. रात्री जागतात जवाई. मी दुपारी येऊन पाहुण्यासारखा स्टुलावर बसतो. उद्या बहीण बरी होऊन घरी जाईल तेव्हा सगळं गाव म्हणेल, सासरच्यांनी वाचवलं. माहेरनं काय केलं? माहेर म्हणजे मी एकटा. माझ्याकडूनही तिच्या अंगात काहीतरी गेलं पाहिजे.

५ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन. मिल बंद. आज सकाळच्या गाडीने गोंदियाला जाऊन आलो. भैयालालचं दवाइचं दुकान तिथे नावाजलेलं आहे, मोठमोठे डॉक्टर त्याच्याकडून नेतात असं ऐकलं होतं. पाडवा असूनही अर्धी फळी उघडी होती. त्याला सगळं सांगितलं. त्याने मागच्या कपाटातून पिवळ्या गोळ्यांची बाटली काढली, दोन तुकड्यांची चकचकीत टोपणं, आत पूड. नवं औषध, टेट्रासायक्लिन.

"पेनिसिलिन चालू हाय ना? चालू द्या," तो म्हणाला. "हे त्याच्याहून येगळं हाय. हे जंतूची वाढच बंद करून टाकते. जागच्या जागी झोपवून देते. न वाढन, न पसरन."

हेच तर हवं होतं! डॉक्टरांची सुई भिंत पाडते, ही गोळी जंतूला झोपवते. झोपलेल्या चोराला धरायला काय वेळ लागतो? दोन्हीकडून कोंडी. डॉक्टरांना सांगावं असं एकदा मनात आलं. पण त्यांनी बाहेरचं बंद केलं आहे ते वैदूच्या काढ्यासाठी, हे तर त्यांच्याच जातीचं औषध, सीलबंद. आणि सांगितलं तर ते जवायांना सांगतील. जवाई म्हणतील, आमच्या इलाजावर तुमचा भरोसा नाई? पुन्हा भांडण.

६ नोव्हेंबर, भाऊबीज

असा दिवस पुन्हा यावा.

सरिता लाल फ्रॉक घालून आली. आधी आईला ओळखेनाच, मग अशी बिलगली की मैनाबाईला सुईसाठी तिला सोडवून घ्यावी लागली. अनूने मला ओवाळायचा हट्ट धरला. डॉक्टर नाही म्हणतील वाटलं, ते हसून बाहेर गेले. इहीनबाईंनी पितळी ताटलीत दिवा, सुपारी, तांदूळ ठेवले. ताटली अनूला पेलेना, मी खालून आधार दिला. कुंकू नाकावर लागलं, त्यावर सगळे हसले. जवाईसुद्धा.

सगळे सरिताला घेऊन बाहेर गेले तेव्हा मी पुडी तिच्या हातात ठेवली. "हे माह्यी ओवाळणी. रोज सकाळ-संध्याकाळ एक. कोणाले सांगाचं नाई."

"दवाई? डॉक्टरनं देली?"

"डॉक्टरहून मोठ्या माणसानं देली. तू मले दादा म्हणतं ना?"

तिने पुडी उघडून आत पाहिलं. मग पुडी पदराच्या टोकात बांधली. "लोकाईचे भाऊ लुगडं देते," म्हणाली, "माह्या भावानं गोळ्या देल्या." आणि हसली. ओवाळणी बहिणीची असते. त्यात सासरच्यांनी नाक खुपसायचं नसतं.

११ नोव्हेंबर

काल संध्याकाळी अंग कोमट लागलं. मैनाबाई म्हणाली, थोडासा हाय. आज जास्त आहे. अनू म्हणते, गोळीने पोटात जळजळतं आणि अन्न नको वाटतं. मी म्हटलं, औषध लागू पडताना तसंच होतं. घेतली तिने माझ्यासमोर, पेजेबरोबर.

डॉक्टरांनी तापाचा तक्ता दोनदा पाहिला. मैनाबाईला विचारलं, सुई चुकली काय? ती बिचारी शपथेवर नाही म्हणाली.

१४ नोव्हेंबर

ताप पूर्वीइतका चढला. हुडहुडी भरते तेव्हा खाट वाजते.

आज मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, याहून जबर औषध नाही काय? म्हणाले, एक जात अशी आहे की ती भिंतीला हातच लावत नाही, आतल्या पापुद्र्याला भोकं पाडते आणि जंतूमधलं सगळं बाहेर गळून जातं. "मग द्या ना थे!" म्हटलं. तर म्हणे, तसा पापुद्रा माणसाच्या पेशींनाही असतो, त्या औषधाने मूत्रपिंडं खराब होतात, आणि अनूच्या जंतूवर ते चालतही नाही. "हिच्या जंतूले पेनिसिलिनच पायजे. आन थे चालत होतं, मिस्त्री. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. चालत होतं." तेच तेच बोलत होते. मला तर हा माणूस गोंधळलेला वाटला.

बरं झालं मी माझी सोय करून ठेवली.

१७ नोव्हेंबर

नागपूरचं उत्तर आलं, इतक्या दिवसांनी. डॉक्टर कागद घेऊन थेट खाटेपाशी आले. जवाई, इहीनबाई, मी, मैनाबाई, सगळे होतो.

"नागपूरवाल्याईनं इच्या रक्तातला जंतू काचेत वाढवला. त्याच्यावर पेनिसिलिन टाकलं. फटाफट मेला," म्हणाले. "काचेत मरते, मग इच्या अंगात काहून नाई मरत? माह्यी सुई आन थो जंतू यांच्यामंधी काहीतरी येऊन राह्यलं. बाहेरचं काई देता काय? मी रागावणार नाई. आताही सांगतलं त येळ हाय."

सगळ्यांनी इहीनबाईंकडे पाहिलं. म्हातारी हात जोडून म्हणाली, "एकडाव काढा आणलता जी, थो बी यानं सांडला. तवापासून काईच नाई. माह्या नातीची आन."

मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? टिकाराम शेजारी उभे होते, इहीनबाईंचा काढा मी मोरीत ओतलेला. आता मीच म्हणू की मी चोरून दिलं? आणि माझ्या गोळ्या काही काढा नव्हे. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत अनू बोलली.

"नाई जी डॉक्टरसाहेब. कोणीच काई नाई देल्लं. मले माईत नसन काय?"

पदराची गाठ तिने मुठीत धरली होती. डॉक्टर गेले. माझी लाज राखली तिने. मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. ती डोळे मिटूनच म्हणाली, "दादा, त्याईले एकट्यात सांगून पाह्य ना." मी म्हटलं, पाहतो.

१९ नोव्हेंबर

सांगायला गेलो होतो. डॉक्टरांच्या खोलीत जवाई बसले होते. परतलो.

काल सुईतलं पेनिसिलिन दुप्पट केलं. मग मीही आजपासून गोळ्या दुप्पट सांगितल्या. गोंदियाला जाऊन नवी पुडी आणली. अनू नको म्हणत होती. मी रागावलो, मग माझं मला वाईट वाटलं. तिने घेतली.

२२ नोव्हेंबर

हात लिहायला धजत नाही. सकाळी मैनाबाई सुई द्यायला गेली तर अनूचं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मेल्यासारखा. शब्द फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, झडपेवरच्या गाठीतला तुकडा सुटून मेंदूत गेला. आता काय, विचारलं. "सुया चालू ठेवू," म्हणाले.

जवाई तिच्या पायांशी बसले आहेत आणि तिची पावलं चोळताहेत, सकाळपासून. हा माणूस रडतो हे मला ठाऊक नव्हतं.

२४ नोव्हेंबर

मैनाबाई आली की अनू घशातून आवाज काढते आणि डाव्या हाताने पदराची गाठ दाखवते. तिला गाठ सुटत नाही. मैनाबाईला वाटलं पदर टोचतो आहे, तिने तो नीट सारखा केला. अनू पुन्हा दाखवू लागली, डोळ्यांतून पाणी.

मला बरोबर कळलं. परवापासून गोळ्या राहिल्या होत्या! या अवस्थेतही पोर माझी ओवाळणी विसरली नाही. मैनाबाई बाहेर गेल्यावर मी गाठ सोडली, टोपण उघडून पूड पेजेत कालवली आणि चमच्याने घातली. एक गोळी तशीच जिभेवर ठेवली. ती मान हलवत होती, आता तिला मानही सांभाळता येत नाही. थोड्या वेळाने सगळं उलटलं. मैनाबाईने भांडं धरलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फडकं झाकून भांडं घेऊन निघून गेली. घासायच्या मोरीकडे न जाता डॉक्टरांच्या खोलीकडे गेली. का कोण जाणे.

डॉक्टर लगेच आले नाहीत, आणि आले तेव्हा अनूला घरघर लागली होती, दुसरं काही बोलायची वेळ उरली नव्हती.

२५ नोव्हेंबर

अनुसया गेली. पहाटे.

२७ नोव्हेंबर

त्या सकाळचं लिहून ठेवतो, नाहीतर डोकं फुटेल.

जवाई गाडी ठरवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. मेजावर कागदावर ती पिवळी गोळी, अर्धी विरघळलेली. "हे तुमचं?" मी हौ म्हटलं. आता लपवायचं काय होतं? भाऊबीजेपासूनचं सगळं सांगितलं, भैयालाल काय म्हणाला तेही. ही झोपवते, तुमची मारते, म्हणून दोन्ही.

ते उठले आणि त्यांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की अजून वळ आहे. वाटलं, मारतात.  मग हात सोडला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"त्या गोळ्यांनी काही वाईट झालं काय?" मी विचारलं.

पाठमोरेच म्हणाले, "तुम्ही तिच्यासाठीच केलं, मिस्त्री. जा. तिच्याजवळ बसा."

म्हणजे नाही झालं. झालं असतं तर हा तुसडा माणूस मला सोडता काय? मी बाहेर पडलो तेव्हा आत मैनाबाई चिडून काहीतरी बोलत होती आणि डॉक्टर तिला म्हणाले, "सांगून काय होईन? ती त गेली. त्याले अजून जगाचं हाय." टिकारामांबद्दल बोलत असावेत.

मग डॉक्टर अंगणात आले. जवाई, त्यांचे दोघे चुलतभाऊ, गावची माणसं जमली होती. एकाने दरडावून विचारलं, चांगली होऊन राह्यलती, मेली कशी? डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "माह्या इलाज कमी पडला." दोन्ही हात खाली सोडून उभे होते. कोणीतरी दगड मारला, तो दाराच्या काचेला लागला. मी अडवलं नाही.

७ डिसेंबर, खैरलांजी

तेरवी झाली. सरिता मला पाहून "मामा" म्हणत आली आणि मांडीवर झोपली. इहीनबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमी काढा सांडला तवा मले लय राग आलता. पण तुमीच तिचे खरे. येत जा. मामा हाय तवरक पोरीले माहेर हाय." आम्ही दोघंही रडलो. जवाईही येऊन जवळ बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला या घरात परकं वाटलं नाही.

गावच्या लोकांनी ठरवलं आहे, डॉक्टरविरुद्ध सिव्हिल सर्जनकडे अर्ज करायचा. खोटं पेनिसिलिन दिलं असावं असं चुलतभावांचं म्हणणं. दवाखान्यात आता कोणी जात नाही म्हणे. अर्ज मी लिहून दिला, माझं अक्षर चांगलं आहे.

१२ डिसेंबर, बालाघाट

अर्जाला इलाजाची हकीकत जोडावी लागते, ती आणायला आज मला पाठवलं. दवाखान्याच्या दाराला काचेऐवजी पुठ्ठा. खाटा रिकाम्या. मैनाबाई दिसली, तिने माझ्याकडे पाठ केली.

डॉक्टरांनी अर्ज पूर्ण वाचला. एका अक्षरालाही हरकत घेतली नाही. कागद ओढून हकीकत लिहू लागले, कोणत्या तारखेपासून कोणतं औषध, किती. शेवटी थांबले आणि विचारलं, "पोरगी कोणापाशी हाय?"

"आपल्या बापापाशी. पण मी दर हप्त्याले जातो. इहीनबाई म्हणते, मामा हाय तवरक पोरीले माहेर हाय."

"मग ठीक," म्हणाले, आणि आणखी एक ओळ लिहून सही केली. बाहेर येऊन वाचलं. 'रोग्याला माझ्या औषधाशिवाय बाहेरचे कोणतेही औषध दिले गेलेले नाही.' मी तर त्यांना सगळं सांगितलं होतं. विसरले असतील, किंवा स्वतःच्या चुकीपुढे त्यांना ते एवढंसं वाटलं असेल.

कागद देताना त्यांचे डोळे भरून आले होते. चूक केलेल्या माणसाचे डोळे असेच होतात. अर्जावर पहिली सही माझी आहे. उद्या पोस्टात टाकतो.